वर्गातील मुलाचे आरोग्यनिरीक्षण : बाह्यरूप, शरीराची मापे व जीवनलक्षणे

शाळा भरल्यावर शिक्षक हजेरीपट उघडतो, नावे वाचतो आणि 'हजर' हा शब्द कानी पडताच खूण करतो. मूल शाळेत आले एवढेच त्या खुणेवरून समजते. ते कोणत्या अवस्थेत आले हे समजण्यासाठी शिक्षकास पटावरील दृष्टी काढून मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते. हजेरी घेण्याच्या त्या पाच मिनिटांत किती गोष्टी पाहता येतात आणि त्यांपैकी कोणत्या लिहून ठेवाव्यात, हा या पाठाचा विषय आहे.

रुग्णालयात रुग्ण दाखल झाला म्हणजे परिचारिका प्रथम तीन कामे करते. ती रुग्णाचे बाह्यरूप न्याहाळते. त्याची उंची व वजन घेते. आणि तापमान, नाडी, श्वास व रक्तदाब ही जीवनलक्षणे मोजते. ही तिन्ही कामे डॉक्टरांच्या तपासणीपूर्वीची असून पुढील उपचार पुष्कळसे त्यांवर अवलंबून असतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५३ साली सुरू झालेल्या क्रिमियाच्या युद्धातील शुश्रूषेनंतर जे पुस्तक लिहिले, त्यात रुग्णाच्या निरीक्षणास एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. शुश्रूषा करणाऱ्याचे डोळे सदैव उघडे असले पाहिजेत, हा धडा तेव्हापासून परिचारिकांच्या शिक्षणात कायम राहिला.

शिक्षक हा परिचारिका नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. तथापि एका बाबतीत तो दोघांपेक्षा अधिक अनुकूल स्थितीत असतो. डॉक्टर मुलास आजारपणात एकदा पाहतो. शिक्षक त्यास वर्षातील दोनशेहून अधिक दिवस पाहतो. मूल बरे असताना कसे दिसते, कसे चालते, कसे बोलते हे शिक्षकास ठाऊक असते. म्हणून 'आज काही बदल झाला आहे' हे ओळखण्याचे काम आईवडिलांच्या खालोखाल त्यालाच साधते.

एक उदाहरण

समजा, तिसरीच्या वर्गात आठ वर्षांची एक मुलगी आहे. मुलगी शांत, अभ्यासात बरी. ऑगस्ट महिन्यात ती तासातून दोन-दोनदा उठू लागते. "गुरुजी, बाहेर जाऊ का?" गुरुजी प्रथम परवानगी देतात, मग रागावतात. मुलगी सारखी पाणी पिते. दुपारनंतर बाकावर डोके टेकून पडते. गणिते चुकू लागतात. वर्गाची शिस्त बिघडते म्हणून एके दिवशी गुरुजी तिला बाहेर जाण्यास मनाई करतात. बसल्या जागी तिचे कपडे ओले होतात आणि मुले हसतात. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येत नाही.

हे उदाहरण कल्पित आहे; परंतु त्यातील लक्षणे खरी आहेत. वारंवार लघवी, सारखी तहान, खाणे असूनही वजन घटणे आणि थकवा ही चार लक्षणे एकत्र दिसली की लहान मुलांतील मधुमेहाची शंका घेतलीच पाहिजे. हा मधुमेह मोठ्या माणसांतील नेहमीच्या मधुमेहासारखा सावकाश चालणारा नसतो. शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयार होत नाही आणि काही आठवड्यांत मूल बेशुद्ध होऊन दगावण्याची वेळ येते. १९२२ साली टोरांटो येथे माणसास प्रथम इन्शुलिन टोचण्यात आले. तोपर्यंत हा आजार झालेले मूल वाचत नसे. आज ते वाचते, शिकते, मोठे होते. मात्र आजार वेळीच ओळखला गेला पाहिजे. या मुलीकडे 'शिस्त मोडणारी मुलगी' म्हणून पाहावे की 'बदललेली मुलगी' म्हणून पाहावे, एवढ्या एका गोष्टीवर तिचे प्राण अवलंबून आहेत.

१. बाह्यरूप

बाह्यरूप पाहण्यास कोणतेही साधन लागत नाही. क्रम मात्र लागतो. क्रम नसेल तर नजर नेहमीच्या चार मुलांवरच खिळते आणि मागच्या रांगेतील मूल सुटते. पुढील क्रम सोयीचा आहे.

चाल व बसणे : मूल दारातून आत येताना पाहावे. ते लंगडते काय, एक बाजू सांभाळते काय, थोड्या चालण्यानेही त्यास धाप लागते काय? बसल्यावर पाठ वाकवून मान टाकते काय?

चेहरा व डोळे : चेहरा फिकट अथवा सुजलेला आहे काय? सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसणे हे मूत्रपिंडाच्या विकाराचे लक्षण असू शकते. खालची पापणी हलकेच ओढून आतील भाग पाहावा. तो लालसर गुलाबी असावा. तो पांढुरका असेल आणि तळहातही फिके असतील, तर रक्त कमी असल्याचा संशय घ्यावा. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळेपणा असल्यास काविळीची शंका येते. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो; तेथे फिकटपणा, डोळ्यांचा पिवळेपणा व सांधेदुखीमुळे वारंवार होणारी गैरहजेरी या तीन गोष्टी एकत्र दिसल्यास त्यांकडे विशेष लक्ष द्यावे.

दृष्टी व श्रवण : फळ्याकडे पाहताना डोळे बारीक करणारे, वही नाकाशी धरणारे, शेजाऱ्याच्या वहीतून उतरून घेणारे मूल बहुधा आळशी नसते, त्यास फळा दिसत नसतो. हाक मारल्यावर एकच कान पुढे करणारे किंवा प्रश्न दोनदा विचारावा लागणारे मूल उद्धट नसते. त्यास ऐकू कमी येत असते. संध्याकाळी ठेचकाळणाऱ्या मुलाच्या आहारात अ जीवनसत्त्व कमी असण्याचा संभव असतो.

त्वचा, केस, नखे : खरूज, गळवे, ओठांच्या कोपऱ्यांतील चिरा, विरळ व तांबूस केस, चपटी किंवा खोलगट नखे यांची नोंद करावी. त्वचेवर फिकट चट्टा असून त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर तो चट्टा आरोग्य केंद्रात दाखविल्यावाचून राहू नये.

वृत्ती व बोलणे : खेळकर मूल एकाएकी गप्प झाले, बडबडे मूल रडवे झाले, नीटनेटके येणारे मूल मळक्या कपड्यांत येऊ लागले, तर तोही बदलच होय. याचे कारण शरीरात असेल किंवा घरात असेल. अंगावर वळ अथवा जुने डाग दिसल्यास मुलास चारचौघांत विचारू नये. एकांतात, विश्वासाने विचारावे.

२. शरीराची मापे

डोळ्याने दिसलेला बदल कित्येकदा फसवा असतो. आकड्याने दिसलेला बदल तपासून पाहता येतो. मात्र आकडा चुकीचा घेतला तर तो डोळ्याहूनही अधिक फसवितो. म्हणून माप घेण्याची रीत ठरलेली असावी.

उंची : सपाट भिंत व सपाट फरशी निवडावी. भिंत सरळ आहे की नाही हे ओळंब्याने पाहावे. मोजपट्टी फरशीपासून शून्य धरून भिंतीवर पक्की चिकटवावी. मुलाने पादत्राणे काढून, टाचा जुळवून, भिंतीस पाठ लावून उभे राहावे. टाचा, नितंब व खांद्यांची हाडे भिंतीस टेकलेली असावीत. दृष्टी समोर असावी. डोळ्याच्या खोबणीची खालची कड व कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत यावेत. मुलींची वेणी किंवा अंबाडा माथ्यावर असल्यास तो सोडवावा. मग फळ्यावर वापरावयाचा मोठा गुण्या भिंतीस लावून माथ्यावर हलकेच दाबावा आणि खालची कड जेथे येईल तेथे मिलिमीटरपर्यंत वाचन करावे. वाचताना शिक्षकाचे डोळे त्या रेषेच्या समपातळीत असावेत. माणसाची उंची सकाळी थोडी अधिक व संध्याकाळी थोडी कमी भरते. यास्तव दर वेळी एकाच प्रहरी माप घ्यावे.

वजन : काटा कठीण व सपाट जागी ठेवावा; सतरंजीवर किंवा मातीवर ठेवू नये. आरंभी तो शून्यावर आहे की नाही हे पाहावे. गावातील दुकानातून शिक्का मारलेली १० किलोची दोन वजने आणून काट्यावर ठेवावीत. २० किलो दाखविले तरच काटा विश्वासू समजावा. मुलाने पादत्राणे काढावीत, खिसे रिकामे करावेत व काट्याच्या मध्यभागी स्थिर उभे राहावे. वजन दुपारच्या खिचडीपूर्वी घ्यावे. जेवणानंतर घेतलेले वजन मुलाचे नसून मुलाचे व जेवणाचे मिळून असते.

पाच ते दहा वर्षांच्या वयात मूल वर्षास साधारण ५ ते ६ सेंटिमीटर उंच होते व त्याचे वजन २ ते ३ किलोने वाढते. वजन दरमहा आणि उंची जून, नोव्हेंबर व एप्रिल अशी तीनदा घ्यावी.

उंची व वजन यांचा मेळ पाहण्यासाठी किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. २२ किलो वजन व १.२२ मीटर उंची असलेल्या मुलीचा हा अंक सुमारे १४.८ येतो. आठ वर्षांच्या मुलीस तो निरोगी मर्यादेतील आहे. प्रौढांसाठी वापरली जाणारी १८.५ ही खालची मर्यादा तिला लावली तर निरोगी मुलगी विनाकारण रोगट ठरेल. मुलांसाठी वयागणिक व मुलगा-मुलगी असे वेगळे तक्ते असतात. ५ ते १९ वर्षांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेले तक्ते आरोग्य केंद्रात पाहावयास मिळतील. त्याचप्रमाणे अंगणवाडीत दंडघेर मोजण्याची जी पट्टी वापरतात, तिच्या खुणा सहा महिने ते पाच वर्षे या वयासाठी आहेत; शाळेतील मुलांस ती लावू नये.

मापे घेताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. आकडा मोठ्याने वाचू नये. 'सर्वांत हलका कोण, सर्वांत जाड कोण' अशी स्पर्धा लावू नये. मोठ्या मुलींची मापे शिक्षिकेने किंवा आरोग्यसेविकेने आडोशास घ्यावीत. माप हे मुलाच्या हितासाठी आहे, वर्गाच्या करमणुकीसाठी नव्हे.

३. जीवनलक्षणे

जीवनलक्षणे रोज मोजण्याची आवश्यकता नाही. मूल आजारी वाटल्यास ती मोजावीत. धावून आलेल्या मुलास प्रथम पाच ते दहा मिनिटे स्वस्थ बसू द्यावे.

श्वास : श्वास प्रथम मोजावा आणि मुलास न सांगता मोजावा. सांगितले की श्वासाची गती बदलते. परिचारिका मनगट हाती धरून नाडी पाहत असल्याचे भासवितात व दृष्टी छातीकडे ठेवून श्वास मोजतात. ही युक्ती शिक्षकानेही करावी. छाती वर गेली व खाली आली की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजावे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाचा श्वास विश्रांतीत मिनिटास साधारण १८ ते २५ असतो. तो ३० अथवा अधिक भरला, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला गेला किंवा नाकपुड्या फुलू लागल्या, तर ते धोक्याचे लक्षण होय.

श्वास मोजण्यासारखी साधी गोष्ट किती मोलाची आहे हे गडचिरोली जिल्ह्यात दिसून आले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातील कार्यकर्त्यांस व सुइणींस बालकांचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ व मणी यांचे एक साधन तयार करण्यात आले. त्या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू कमी झाल्याचे १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अक्षरओळख नसलेल्या सुइणीस जे साधले ते शिक्षकास सहज साधेल.

नाडी : मुलाचा तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे ठेवावीत. आपला अंगठा वापरू नये. अंगठ्याचे स्वतःचे ठोके जाणवून घोटाळा होतो. सेकंदकाटा असलेल्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजावे. या वयात नाडी विश्रांतीत साधारण ७० ते ११० असते. गती पाहावी, तसेच ठोके नियमित आहेत की मध्ये चुकतात आणि भरीव आहेत की क्षीण, हेही पाहावे. ताप, भीती, श्रम व रक्ताची कमतरता यांत नाडी जलद होते.

तापमान : कपाळास हात लावून ताप ठरविणे भरवशाचे नाही, पाहणाऱ्याचा हात थंड असला तर निरोगी कपाळही गरम वाटते. अंकदर्शी तापमापक शाळेच्या प्रथमोपचार पेटीत असावा. काख कोरडी पुसून तापमापकाचे टोक काखेच्या खळग्यात ठेवावे, हात अंगास दाबून धरावा व नाद होईपर्यंत थांबावे. काखेत ९९.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३७.५ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक भरल्यास ताप समजावा. वापरानंतर टोक स्पिरिटच्या कापसाने पुसावे.

रक्तदाब : हे काम शिक्षकाचे नाही. मुलाच्या दंडास योग्य अशा लहान आकाराचा पट्टा नसेल तर आकडा चुकतो. ते परिचारिकेवर सोपवावे.

४. नोंद : एका आकड्यापेक्षा आकड्यांची ओळ

मापनाचे खरे फळ नोंदीत आहे. फ्रान्समधील गेनो द माँबेयार या गृहस्थांनी १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची सुमारे सहा-सहा महिन्यांनी मोजली आणि हा क्रम १७७७ पर्यंत, म्हणजे मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत चालविला. मूल कोणत्या वयात वेगाने वाढते व केव्हा मंदावते हे त्या नोंदींतून दिसून आले आणि वाढीच्या शास्त्रात त्या आजही सांगितल्या जातात. पुढे जर्मनीत लाइपझिग येथे कार्ल वुंडरलिख यांनी सुमारे २५,००० रुग्णांच्या तापमानाच्या नोंदी अभ्यासून १८६८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तापाचा चढउतार कागदावर रेखण्याची रीत रुग्णालयांत रूढ होण्यास त्याने मोठा हातभार लावला. या दोन्ही कामांत साधने साधीच होती. चिकाटी व नियमितपणा हीच त्यांची शक्ती.

आता आरंभीच्या उदाहरणातील मुलीकडे वळू. तिच्या गुरुजींपाशी आरोग्यनोंदीची वही असती तर तीत असे दिसले असते : जून, २३.४ किलो, जुलै, २३.६ किलो, ऑगस्ट, २१.८ किलो. यांतील कोणताही एक आकडा स्वतंत्रपणे पाहिल्यास शंका येण्याजोगा नाही. आठ वर्षांच्या पुष्कळ निरोगी मुलींचे वजन २१.८ किलो असते. परंतु तिन्ही आकडे एका ओळीत वाचले की जे मूल वाढावयास हवे ते एका महिन्यात १.८ किलोने घटले, हे लपून राहत नाही. त्या ओळीशेजारी 'सारखी तहान, वारंवार बाहेर जाते, दुपारी झोपते' अशी बाह्यरूपाची एक ओळ असती, तर शिक्षेऐवजी चिठ्ठी लिहिली गेली असती.

म्हणून प्रत्येक मुलास वहीचे एक पान द्यावे. त्यावर तारीख, उंची, वजन, बाह्यरूपातील बदल, काय केले व पुढे काय झाले असे रकाने आखावेत. जे पाहिले तेच लिहावे. निदान लिहू नये. 'रक्तक्षय आहे' असे न लिहिता 'पापणीचा आतील भाग व तळहात फिके' असे लिहावे. 'आळशी' हा शब्द या वहीत येऊ नये. दोन महिने वजन वाढले नाही तर लक्ष ठेवावे. घटले तर पालकांस बोलवावे. वही कुलपात ठेवावी.

५. शिक्षकाची मर्यादा व कर्तव्य

शिक्षकाचे काम पाहणे, मोजणे, लिहिणे व कळविणे एवढेच आहे. औषध देणे हे त्याचे काम नाही. आरोग्य विभागाकडून शाळेत वाटण्यास आलेल्या लोहाच्या व जंतनाशक गोळ्या सूचनेप्रमाणे द्याव्यात, हा अपवाद. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथक शासकीय शाळांत येऊन मुलांची तपासणी करते. पथक येते त्या दिवशी ही वही त्यांच्यापुढे ठेवावी. पथकास मुलासाठी थोडीच मिनिटे मिळतात. वर्षभराची नोंद हाती असली तर त्या मिनिटांचे मोल वाढते.

पुढील लक्षणांत वाट पाहू नये. झोपेतून उठविता न येणारी गुंगी, झटके, निळसर ओठ, तापासह ताठ मान, थंड व घामेजलेले हातपाय, ३० अथवा अधिक श्वास, न थांबणारी वांती. तसेच पूर्वी तहान व लघवीची तक्रार असलेल्या मुलाचा खोल व जलद श्वास आणि तोंडास येणारा पिकल्या फळासारखा वास. अशा वेळी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पालकांस कळवावे आणि मूल एकटे घरी पाठवू नये.

इतर प्रसंगी पालकांशी बोलताना त्यांस घाबरवू नये किंवा दोषही देऊ नये. "ताई, महिन्याभरात हिचे वजन पावणेदोन किलोने उतरले आहे. पाणीही फार पिते. उद्या सकाळी आरोग्य केंद्रात नेऊन रक्तातील साखर तपासून घ्या. ही चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा," एवढे पुरेसे आहे. तिसऱ्या दिवशी मूल नेले की नाही याची चौकशी करावी. नेले नसल्यास आशा कार्यकर्तीस सांगावे. चिठ्ठी दिली म्हणजे काम संपले असे नव्हे. मूल तपासले गेले, अशी नोंद शेवटच्या रकान्यात होईल तेव्हाच ते संपले.

स्वाध्याय (केंद्रसभेत चर्चेसाठी)

१. दोन शिक्षकांनी एकाच मुलाची उंची परस्परांस न सांगता मोजावी. फरक अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक आल्यास कोणाच्या रीतीत काय चुकले ते शोधावे.

२. शाळेतील वजनकाटा ज्ञात वजनांनी तपासून त्याची नोंद तारखेसह भिंतीवर लावावी.

३. एका सहकाऱ्याचा श्वास, त्यास कळू न देता, पूर्ण मिनिटभर मोजावा. नंतर सांगून पुन्हा मोजावा व दोन्ही आकड्यांची तुलना करावी.

४. आपल्या वर्गातील ज्या मुलास आपण मंद, आळशी किंवा हट्टी समजतो त्याचे नाव मनाशी घ्यावे. त्याची दृष्टी, श्रवण, वजन व पापणीचा रंग येत्या आठवड्यात पाहावा आणि जे आढळेल ते लिहावे.